कन्हानकाठची भाजी, कळमन्यामार्गे

नागपुरातल्या पेठांची नुसती नावं घेतली तरी आठवडा पुरा होत येतो. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी. ज्या जागी ज्या दिवशी बाजार भरायचा, तो वारच त्या जागेला चिकटला. आज इतवारीत सोनं, कापड आणि किराणा सातही दिवस मिळतो. वार तेवढा पाटीवर उरला आहे. विदर्भात बाजाराचा आणखी एक शब्द आहे, गुजरी. आठवडी बाजार आठ दिवसांनी भरतो. गुजरी रोजची असते. जमिनीवर पोतं अंथरायचं, पुढ्यात भाजीचे ढीग मांडायचे आणि उठेपर्यंत ते संपवायचे, एवढाच तिचा कारभार.

गुजरीला दोन वेळा असतात आणि दोन प्रकारची गिऱ्हाइकं. ऊन उतरल्यावर पहिली येतात. ती किलोनं मागतात, वांगं दाबून बघतात, मेथीची जुडी उलटीपालटी करतात. दुसरी येतात दिवेलागण होऊन गेल्यावर. तोवर पालक मान टाकून बसलेला असतो, टमाटर निवडून निवडून मऊ तेवढे उरलेले असतात. तराजू बाजूला गेलेला असतो आणि ढिगाऱ्यांचे वाटे पडलेले असतात. ‘दहाचा वाटा, दहाचा वाटा’ अशी हाक सुरू झाली की ही गिऱ्हाइकं पुढे सरकतात. त्यांना ताजी भाजी ओळखता येत नाही असं नाही. दिवसाची मजुरी हातात पडायची वेळच ती असते.

नागपूरच्या ईशान्येला सोळा-सतरा किलोमीटरवर असलेल्या कामठीत हे पाहताना एक गोष्ट खटकते. हा काही दुष्काळी मुलूख नाही. गावाला लागून कन्हान वाहते. जवळच बिना इथे नद्यांचा संगम आहे; कोलार आणि पेंच याच पट्ट्यात कन्हानला येऊन मिळतात. तालुक्यात काळी जमीन आहे, विहिरी आहेत, वांगी, मेथी, पालक, सांबार (विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, इडलीशी संबंध नाही) पिकवणाऱ्या वाड्या आहेत. म्हणजे शेत आणि ताट यांच्यात सायकलीनं अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. तरी भाजी गरिबाच्या घरी पोचते ती उशिरा, सुकून आणि थोडी. असं का होतं, हे समजायला त्या भाजीचा प्रवास पाहावा लागतो.

कामठी हे मुळात छावणीचं गाव. इंग्रजांनी 1821 मध्ये कन्हानच्या काठी लष्करी तळ टाकला आणि तळाच्या आसऱ्यानं बाजार वाढला. ‘कॅम्प टी’वरून कामठी, अशी नावाची व्युत्पत्ती गावात सांगतात, ती खरी असो नसो, छावणीनं गाव घडवलं यात शंका नाही. फौजेला धान्य लागतं, दूध लागतं, भाजी लागते, कापड लागतं. व्यापारी आले, 1857 नंतरच्या काळात उत्तरेकडून मोमीन विणकर आले, मजूर आले. 1881 च्या खानेसुमारीत कामठीची लोकसंख्या पन्नास हजारांच्या घरात होती. मग रेल्वेमुळे नागपूर मोठं झालं आणि व्यापार तिकडे सरकला. 1901 मध्ये कामठीत चाळीस हजारांहूनही कमी माणसं उरली होती. कामठीचा माल नागपूरला जायची सवय अशी जुनी आहे. 2011 च्या जनगणनेत नगरपरिषद हद्दीतली लोकसंख्या 86 हजारांवर पोचली, पण मालाची वाट तीच राहिली.

आज ती वाट कळमन्याला जाते. कामठीहून नागपुरात शिरताना लागणारं कळमना हे विदर्भातलं सर्वांत मोठं बाजार आवार. धान्य, मिरची, कांदा-बटाटा, फळं, भाजी अशी त्याची वेगवेगळी विश्वं आहेत. शहराच्या मध्यावर कॉटन मार्केटचा जुना भाजीबाजारही आहे. पहाटे अंधारात कळमन्यात गाड्या लागतात. कन्हानकाठच्या शेतकऱ्याच्या वांग्याचे कट्टे तिथे उतरतात तेव्हा शेजारीच छिंदवाड्याहून आलेली फुलकोबी उतरत असते, आग्र्याकडचा बटाटा असतो, नाशिक-संगमनेरचे टमाटर असतात. हर्रास होतो, भाव फुटतो, तासा-दोन तासांत माल दुसऱ्याचा होतो. त्यातलाच काही माल कामठीचा किरकोळ विक्रेता विकत घेतो, मालवाहू ऑटोत टाकतो आणि ज्या रस्त्यानं तो आला त्याच रस्त्यानं परत नेतो.

शहाण्या माणसाला प्रश्न पडेल, की शेतकरी थेट कामठीतच का विकत नाही? शेतकऱ्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर उत्तर सरळ आहे. पाच क्विंटल वांगी एका दमात घेणारा गिऱ्हाईक कामठीत नाही. वाटे लावून विकायला त्याला किंवा घरातल्या कुणाला दिवसभर बसावं लागेल, आणि तेव्हा शेतात ओलीत करायला कोण? कळमन्यात सगळा माल एकदाच उठतो, रोख पैसे मिळतात आणि अडत्यानं पेरणीच्या वेळी उचल दिली असेल तर माल तिकडेच न्यावा लागतो. कायद्यानं यात काही अडवलेलं नाही. महाराष्ट्र शासनानं जुलै 2016 मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला; शेतकऱ्याला कुठेही विकता यावं आणि अडत त्याच्याकडून घेतली जाऊ नये हा हेतू होता. दार उघडं झालं, पण दारापलीकडे रस्ता नव्हता. वजनकाटा, सावली, पाणी, सकाळी उतरलेला माल दुपारपर्यंत थंड ठेवायची सोय यातलं काहीच कायद्याबरोबर आलं नाही.

या फेऱ्यात पैसा कुठे जातो याचा अंदाज रिझर्व्ह बँकेच्या 2024 मधल्या एका अभ्यासावरून येतो. ग्राहक टमाटरासाठी मोजतो त्या रुपयातले सुमारे 33 पैसे शेतकऱ्याला मिळतात, कांद्यात 36 आणि बटाट्यात 37. उरलेले सगळे दलालाच्या घशात जातात असं समजायचं कारण नाही. त्यात भाडं आहे, हमाली आहे, वाटेत सडलेला माल आहे. नाबार्डच्या सल्लागार संस्थेनं 2022 मध्ये केलेल्या पाहणीत काढणीनंतर भाजीची नासाडी 4.87 ते 11.61 टक्के आढळली होती. ती नासाडी कुणाच्या तरी भावात मिळवली जाते. कामठीच्या शेवटच्या वाट्यात ती मिळवलेली असते.

श्रीमंत देशांत अशा प्रश्नाला एक नाव आहे, ‘फूड डेझर्ट’, म्हणजे अन्नाचं वाळवंट. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या सरकारी घरकुलांच्या वस्तीतून हा शब्द आला असं सांगतात. मोठी दुकानं शहराबाहेर गेली, वस्तीत उरली ती डबाबंद माल विकणारी टपरी. ज्याच्याकडे गाडी नाही त्याला सफरचंद मिळणं कठीण झालं. अमेरिकेत तर यावर नकाशे काढले गेले, कुठल्या वस्तीपासून सुपरमार्केट किती मैल.

हे माप कामठीला लावलं तर उत्तर चुकतं. इथे हातगाडी दाराशी येते. गल्लीच्या तोंडाशी कांदे-बटाटे मिळतात. मैल मोजणाऱ्याला इथे वाळवंट दिसणारच नाही. इथली दुरी वेळेत आणि वजनात आहे, आणि ती कळायला एखाद्या बिडी वळणाऱ्या घरात डोकवावं लागतं.

कामठी आणि बिडी यांचं नातं जुनं. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे बाबू हरदास (1904–1939) याच गावचे, आणि बिडी कामगारांना संघटित करणं हे त्यांच्या छोट्या आयुष्यातलं मोठं काम होतं. 1937 च्या निवडणुकीत ते नागपूर-कामठीतून निवडून आले. कन्हानच्या काठी त्यांची समाधी आहे. आता बिडीचा धंदा आटत चालला आहे, पण कामाची पद्धत फारशी बदललेली नाही. बाई मांडीवर सूप घेऊन बसते. सुपात जर्दा, बाजूला भिजवून कापलेली तेंदूची पानं आणि दोऱ्याची रीळ. मजुरी हजार बिड्यांमागे. हजार वळायला दिवस जातो आणि त्यातल्या काही छाटीत निघाल्या की त्यांचे पैसे नाहीत. ठोक्यावर काम करणाऱ्याच्या घड्याळात प्रत्येक मिनिटाला भाव असतो. अर्धा तास भाजी निवडत हिंडणं म्हणजे तेवढ्या बिड्या कमी. पालेभाजी घरी आणली तर ती निवडायची, धुवायची, चिरायची. एवढं करून शिजल्यावर पसाभर होते. बटाटा या हिशेबात देवमाणूस आहे. निवडावा लागत नाही, आठवडाभर टिकतो, लेकरं कुरकुर न करता खातात. आणि रस्सा वाढवता येतो.

रस्सा वाढवणं हे वऱ्हाड-नागपूरकडच्या स्वैपाकातलं मोठं शास्त्र आहे. वरून लाल तर्री आली की वाटीत किती फोडी आहेत हे कुणी मोजत नाही. पावभर वांग्या-बटाट्यात सहा माणसं जेवतात, कारण भाजी ही ‘तोंडी लावायला’ असते. आपल्या भाषेतच तिचा हुद्दा ठरलेला आहे. पोट भरायचं ते पोळी, भाकर आणि भातानं. भाजीनं घास खाली उतरायचा. आहारशास्त्राला हे मान्य नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शनात प्रौढ माणसाच्या दिवसाच्या ताटात 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं सांगितली आहेत. पाच जणांच्या घराला रोज दोन किलो भाजी! गुजरीतल्या कुठल्याही बाईला हे सांगितलं तर ती हसेल, आणि हसण्यात तिची चूक नाही.

आकडेच मांडू. केंद्र सरकारच्या 2022-23 च्या घरखर्च पाहणीनुसार शहरी भारतात माणशी महिन्याचा सरासरी खर्च 6,459 रुपये होता आणि त्यात भाज्यांचा वाटा 3.8 टक्के. गुणाकार केला की महिन्याला सुमारे 245 रुपये येतात, दिवसाला आठ. भाजी सरसकट चाळीस रुपये किलो धरली तर आठ रुपयांत 200 ग्रॅम, तीही कांदा-बटाटा धरून. शिफारशीच्या निम्मी. आणि ही सरासरी आहे. तिच्यात बंगल्यातले आहेत तसे झोपडीतलेही. याच पाहणीत पेयं, फराळ आणि तयार पदार्थांचा वाटा 10.64 टक्के होता, भाजीच्या पावणेतीनपटीच्या आसपास. पाच रुपयांचं चिप्सचं पाकीट हे त्याचं गल्लीतलं रूप. ते सडत नाही, उधारीवर मिळतं, किंमत वर्षानुवर्षं पाचच राहते आणि लेकरू गप्प होतं. पाच रुपयांत मिळणारी आणि लगेच खाता येणारी ताजी वस्तू कुठली, याचं उत्तर वर्षातून दोन-तीन महिनेच देता येतं. संत्र्याच्या हंगामात बारकी फळं, ज्यांना इकडे चुरी म्हणतात, ढिगानं विकायला येतात. नागपूरचं मोठं संत्रं बाहेर जातं. कामठीतल्या पोराच्या हातात चुरी येते. चवीला ती कमी नसते, हा त्यातल्या त्यात दिलासा. खर्ऱ्याचा मात्र हंगाम नसतो. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून देणारे ठेले इकडे बारमाही आणि हाकेच्या अंतरावर आहेत. खर्ऱ्याची पुडी भाजीच्या दहाच्या वाट्यापेक्षा स्वस्त पडत नाही, हे खाणाऱ्यालाही ठाऊक असतं.

सरकारी पिशवीत काय येतं? 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येकाला महिन्याला 5 किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो मिळतं. जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे. हे धान्य नसतं तर कितीतरी चुली थंड राहिल्या असत्या, तेव्हा त्याला नावं ठेवणं सोपं असलं तरी बरोबर नाही. पण पिशवी गव्हा-तांदळाची आहे. 2022 च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल दिलं गेलं. भाजी रेशनमध्ये बसत नाही, कारण ती गोदामात बसत नाही. सरकारी अन्नव्यवस्थेत हिरवी भाजी दिसते ती शिजलेल्या ताटातच. 26 जानेवारी 2020 ला सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत दोन पोळ्या, भात आणि वरणाबरोबर एक वाटी भाजी होती, आणि शाळेच्या व अंगणवाडीच्या जेवणात ती असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायका रक्तक्षयाच्या आढळल्या. आधीच्या पाहणीत हे प्रमाण 48 होतं. गहू-तांदूळ वाढला आणि रक्त उतरलं, असा सरळ संबंध जोडता येणार नाही. कारणं अनेक असतात. पण फक्त धान्यानं भरलेल्या पोटाला रक्त येत नाही एवढं यातून दिसतं.

त्यात नागपूरचा उन्हाळा. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. अशा दिवशी सकाळी दहाला आणलेली मेथी बाराला पाचोळा होते. विकणारी ओला फडका टाकते, पाणी शिंपडत राहते, आणि ते पाणीही कुठून तरी भरून आणलेलं असतं. ज्या घरात फ्रीज नाही ते घर उद्याची भाजी आज घेऊ शकत नाही. भाव उतरला म्हणून दोन किलो घेऊन ठेवणं ही चैन फ्रीजवाल्याची. स्वस्ताईचा फायदा घ्यायलाही आधी पैसे लागतात. जुन्या घरांनी याला उत्तर शोधलं होतं. हिवाळ्यात भाव पडला की वांग्याच्या फोडी वाळवायच्या, वड्या घालायच्या, पाला सुकवून डब्यात भरायचा. त्याला लागते ती फक्त छपराची जागा आणि रिकामी दुपार. पत्र्याच्या दीड खोलीत दोन्हींची टंचाई.

इथवर विकतच्या भाजीची गोष्ट झाली. पण गरिबाच्या ताटातली हिरवाई खरं म्हणजे विकतची कधी नव्हतीच, आणि हा भाग पाहण्यांच्या तक्त्यांत नीट उतरत नाही.

पावसाळा सरून कन्हानचं पात्र उघडं पडलं की रेतीत डांगरवाड्या लागायच्या. उरलेल्या महाराष्ट्रात डांगर म्हणजे लाल भोपळा. इकडे डांगर म्हणजे खरबूज, आणि भोपळ्याला कोहळं म्हणतात. पाणी ओसरलं की रेतीत चर खणायचे, तळाला शेणखत घालायचं, थंडीत बी टाकायचं. खालच्या ओलीवर वेल वाढतात आणि होळीच्या पुढेमागे डांगर, टरबूज, काकडी हाताशी येते. जमीन कुणाची नाही, म्हणून ज्याला जमीन नाही त्याचं हे शेत. नदीवर जगणारे ढिवर-भोई ते करत आले. आता रेतीचा भाव खरबुजाला राहू देत नाही. घाटांचे लिलाव होतात, रात्री पोकलेन उतरतात आणि पात्रात चराऐवजी खड्डे पडतात. वर पेंचवर धरणं झाली, पाणी नागपूर शहराला, कालव्यांना आणि वीज केंद्रांना वाटलं गेलं. नवी रेती वाहून यायची तर पूर हवा, आणि पूर आता धरणाच्या दारांना विचारून येतो.

दुसरी फुकटची भाजी शेतातली. पहिल्या पावसानंतर बांधावर तरोटा उगवतो. मग कुंजर, पातूर, घोळ, चिवळ, हिवाळ्यात गव्हातली चिल. निंदणाला गेलेली बाई संध्याकाळी मजुरीबरोबर ओटीत ही भाजी घेऊन यायची. शेतमालकाच्या दृष्टीनं ते तण आणि तिच्या दृष्टीनं रात्रीचं जेवण. दोघांचा सौदा न बोलता जमलेला होता. कपाशीच्या पाटीत आंबाडी, चवळी, बरबटी असायची, तीही तोडू दिली जायची. सोयाबीन आलं, मजूर महाग झाले आणि तणनाशकाचा पंप पाठीवर आला. एका फवाऱ्यात निंदणही गेलं आणि भाजीही. बाईची मजुरी आणि तिची पातूर एकाच दिवशी बुडाली, आणि कुठल्याच हिशेबवहीत भाजीचा आकडा लिहिलेला नव्हता म्हणून नुकसानीतही तो दिसला नाही. याला कुणी भाजीची टंचाई म्हटलं नाही. उलट तरोट्याला आता शहरातल्या रानभाजी महोत्सवात मान आहे. तिथे जुडीला जो भाव मिळतो तो ऐकून निंदणाला जाणाऱ्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावतील.

उरलेली वाडी लेआऊटखाली जाते. ‘अमक्याच्या वावरात लेआऊट पडला’ हे वाक्य नागपूरभोवती पाऊस पडला म्हणावं इतक्या सहज म्हटलं जातं. चुन्याच्या रेघा मारतात, सिमेंटचे खांब रोवतात, कमान उभी राहते. घरं व्हायला दहा वर्षं लागतात, पण वांगी त्याच वर्षी बंद होतात. नदीपलीकडे कोळशाच्या खाणी आहेत. भूगर्भशास्त्रात ‘कामठी’ हे नाव इथल्या गोंडवनकालीन वालुकाश्माच्या थरांना आहे, आणि त्याखालचा कोळसा हा या भागाच्या शेतीचा जुना भाडेकरू.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. ‘स्थानिक’ आणि ‘ताजं’ या शब्दांच्या प्रेमात पडणारे लोक मातीकडे बघायला विसरतात. कामठी तालुक्यातच कोराडीचं औष्णिक वीज केंद्र आहे आणि पलीकडे खापरखेडा. जुलै 2022 मध्ये भर पावसात कोराडी केंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा फुटला, राखेचा गाळ शेतांत आणि नाल्यांत पसरला. त्याच्या आधीच, 2021 मध्ये, मंथन अध्ययन केंद्र आणि नागपूरच्या एका संस्थेनं या परिसरातल्या पाण्याचे नमुने तपासून त्यांत जड धातू मर्यादेबाहेर असल्याचं मांडलं होतं. वाऱ्याच्या दिवशी पालकाच्या पानावर बोट फिरवलं की करडी रेघ उमटते, हे इथल्या बायकांना अहवालाआधी ठाऊक होतं. तिकडे नागपूरच्या पूर्वेला नाग आणि पिवळी या नद्या शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानकडे जातात, आणि त्यांच्या काठची कित्येक शेतं त्याच पाण्यावर भिजतात. ते पाणी बारमाही आहे आणि त्यात खत फुकट. त्यावरचा पालक हिरवागार येतो आणि स्वस्त मिळतो. जवळची भाजी आणि चांगली भाजी या दोन गोष्टी कामठीत आपोआप जुळत नाहीत. आणि जिथे जुळत नाहीत तिथे स्वस्तातली कुणाच्या घरी जाते हे वेगळं सांगायला नको.

उपाय कुणी शोधलेच नाहीत असं नाही. आंध्र प्रदेशानं जानेवारी 1999 मध्ये रयतू बाजार काढले, तमिळनाडूनं त्याच वर्षी मदुराईपासून उळवर संदै सुरू केले. शेतकऱ्याला ओळखपत्र, बसायला ओटा, रोज सकाळी ठरणारा भाव आणि सरकारी बसमधून माल आणायची सोय. यातली बस महत्त्वाची. ओटे बांधणारी सरकारं पुष्कळ झाली. टोपलीसकट शेतकऱ्याला बसमध्ये घेणारी थोडी. महाराष्ट्रात पणन मंडळानं 2016 मध्ये संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडी बाजारांचं अभियान सुरू केलं. पुण्या-मुंबईत ते चांगले चालले, पण मुख्यतः अशा भागांत जिथे लोक किलोनं घेतात आणि शनिवार-रविवारी सकाळी मोकळे असतात. शेतकऱ्याला दोष देता येत नाही. तो माल खपेल तिथेच जाणार.

ब्राझीलमधल्या बेलो ओरिझोंची या शहरानं 1993 पासून नेमकी इथेच गाठ मारली. नगरपालिकेनं शहरातल्या मोक्याच्या जागा विक्रेत्यांना दिल्या, ठरावीक भाज्या आणि फळं बाजारभावाखाली विकायची अट घातली, आणि त्याबरोबर आणखी एक: शनिवार-रविवारी गाडी भरून शहराच्या कडेच्या गरीब वस्त्यांत जायचं. चांगल्या जागेचं भाडं असं वस्तीत वसूल झालं. न्यूयॉर्कनं 2008 मध्ये ताज्या भाजी-फळांच्या हातगाड्यांचे एक हजार नवे परवाने काढले, आणि ते चालायचे फक्त ज्या भागांत भाजी मिळत नाही तिथेच. मजा अशी, की जी हातगाडी त्यांनी धोरण म्हणून शोधून काढली ती आपल्या गल्लीत आजोबांच्या काळापासून ओरडत फिरते आहे.

तिच्यासाठी आपल्याकडे कायदाही आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्रेत्यांची मोजणी करायची, त्यांच्या प्रतिनिधींसह समिती नेमायची, जागा ठरवायच्या आणि तोवर कुणाला उठवायचं नाही. 2020 च्या टाळेबंदीत आठवडी बाजार बंद पडले तेव्हा शहरांना भाजी पुरवली ती या गाड्यांनीच. रोजगार गेलेल्या कितीतरी जणांनी तेव्हा पहिल्यांदा गाडी धरली. धंद्याला लागणारं भांडवल मात्र बहुतेकांकडे स्वतःचं नसतं. सकाळी नऊशे उचलायचे आणि रात्री हजार परत करायचे, हा देशभरातल्या मंड्यांत ऐकू येणारा हिशेब. वर्षाला किती टक्के होतात ते कुणी काढत नाही, कारण वर्षाचा विचार करायला सवड नसते. ते शंभर रुपये शेवटी वाट्यातून वजा होतात, तीन वांग्यांऐवजी अडीच.

आता नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा ऑटोमोटिव्ह चौकापासून कामठीवरून कन्हान नदीपर्यंत येतो आहे. केंद्रानं त्याला डिसेंबर 2022 मध्ये मंजुरी दिली. खांब उभे राहतील तिथला रस्त्याचा काठ नव्यानं आखला जाईल. पोतं अंथरायला लागते ती जागा चार फूट बाय सहा. नकाशावर ती दिसण्याइतकी मोठी नसते, आणि गुजरी उठली की ती पुन्हा बसायला कैक वर्षं लागतात.

एक जुना सौदा मात्र अजून पुरता मोडलेला नाही. डिसेंबरात हरभरा वीतभर झाला की त्याचे शेंडे खुडावे लागतात. खुडले की झाड फुटवे धरतं, घाटे जास्त लागतात. म्हणून शेतकरी वस्तीतल्या बायकांना वावरात येऊ देतो. त्या सकाळीच जातात, दव असताना, आणि दोन बोटांत शेंडा धरून टचकन तोडत ओळीनं पुढे सरकतात. दवात आंब असते, ती बोटांना लागते आणि नंतर चुरचुरते. मालकाची मजुरी वाचते, बायकांना ओटीभर भाजी मिळते. अर्धी त्या दिवशी लसूण-मिरची घालून होते. उरलेली सुपात पसरून चार दिवस उन्हात ठेवायची, हातानं चुरायची आणि वनस्पती तुपाच्या जुन्या डब्यात झाकण घट्ट लावून ठेवून द्यायची. मे महिन्यात गुजरीत पालक परवडेनासा झाला की तो डबा खाली उतरतो. मूठभर चुरा, थोडं बेसन आणि पाणी, की सहा माणसांचं कालवण.

हल्ली बांधावर पाय ठेवताना बायका मालकाला आधी एकच विचारतात, “फवारा कवा मारला, भाऊ?” तो बोटं मोजतो. आठ दिवस झाले म्हणाला तर त्या वावरात उतरतात. परवाच मारला म्हणाला, तर पदर झटकून पुढच्या वावराकडे निघतात.